डिस्कचा सातबारा

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास उद्या कोणी लिहायला घेतला, तर त्याला साधने कुठे मिळतील? जुन्या काळापुरते उत्तर सोपे आहे. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर आहे, मोडीतले दप्तर आहे, महसुली नकाशे आहेत. अलीकडच्या काळाचे उत्तर निराळे आहे. समृद्धी महामार्गाखाली गेलेल्या जमिनींची आधीची छायाचित्रे, भातसा धरणामुळे उठलेल्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या स्मरणासाठी दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर जमणाऱ्यांची भाषणे, म्हशाच्या जत्रेचे चित्रण, ठाकर आणि कातकरी बायांची गाणी, यातले फारच थोडे कागदावर उतरले आहे. बाकीचे सारे कपाटांत, टीव्हीखालच्या खणांत, रुमालात गुंडाळून ठेवलेल्या तळहाताएवढ्या काळ्या डब्यांत आहे. या डब्यांना आपण एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणतो.

ही साधने गोळा करण्याच्या कामात मी काही वर्षे आहे. गावोगावचे शिक्षक, तरुण मंडळांचे कार्यकर्ते, हौशी छायाचित्रकार यांच्याकडून डिस्क मागून आणायची, तिच्यात काय आहे ते पाहायचे, यादी करायची, प्रत ठेवून मूळ डिस्क परत करायची, असे हे काम. त्यात एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. डिस्क बिघडून सामग्री जाते हे खरेच. पण डिस्क धडधाकट असूनही समोरच्या संगणकाला ती वाचता येत नाही, म्हणूनही पुष्कळ काही जाते. मुंबईहून येणाऱ्या छायाचित्रकाराचा किंवा चित्रपट-संकलकाचा संगणक बहुधा ॲपलचा मॅक असतो. तालुक्यातल्या शाळेत, ग्रामपंचायतीत, झेरॉक्सच्या दुकानात असतो तो विंडोजवर चालणारा. केबल तीच, डिस्क तीच. पण एकाने लिहिलेले दुसऱ्याला दिसत नाही, किंवा दिसते पण त्यात भर घालता येत नाही. असे का झाले, त्यावर कोणते उपाय निघाले आणि त्यातून आपल्या इतिहाससाधनांचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

जमीन आणि दप्तर

हार्ड डिस्क म्हणजे मोजणी करून, हद्दीचे दगड रोवून ठेवलेली जमीन समजा. तिचे लाखो लहान लहान तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो, गट नंबरासारखा. एखादे गाणे डिस्कवर उतरवले की ते एकाच तुकड्यात मावत नाही. त्याचे भाग करून ते रिकाम्या गटांत ठेवले जातात. कोणत्या गाण्याचा कोणता भाग कोणत्या गटात आहे, गाण्याचे नाव काय, ते कधी ठेवले, कोणते गट अजून रिकामे आहेत, याची एक नोंदवही त्याच डिस्कवर असते. ही नोंदवही ठेवण्याची रीत म्हणजे फाइल सिस्टिम. रोजच्या बोलण्यात आपण तिलाच डिस्कचे ‘फॉरमॅट’ म्हणतो. जमीन आणि तलाठ्याचे दप्तर यांचे जे नाते, तेच डिस्क आणि फाइल सिस्टिम यांचे.

आता अशी कल्पना करा की एका सजाचा तलाठी एका पद्धतीने दप्तर ठेवतो आणि शेजारच्या सजाचा तलाठी अगदी वेगळ्या पद्धतीने. पहिल्याचे दप्तर दुसऱ्याच्या हाती दिले तर त्याला त्यात काहीच कळणार नाही. मॅकसाठी फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला जोडली की नेमके हेच होते. विंडोजला जमीन दिसते, पण ओळखीचे दप्तर दिसत नाही. मग बऱ्याचदा तो विचारतो: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? हा प्रश्न वाचणाऱ्याला वाटते की डिस्क कोरी आहे किंवा बिघडली आहे. प्रश्नाचा खरा अर्थ मात्र असा असतो की, मला हे दप्तर वाचता येत नाही, तेव्हा ते काढून टाकून माझे कोरे दप्तर इथे ठेवू का?

मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत हा प्रश्न पडद्यावर आला आणि कोणीतरी ‘हो’ म्हटले. मुंबईच्या एका छायाचित्रकाराने गावातल्या बायांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रणे मॅकवरून डिस्कवर घालून शाळेला भेट दिली होती. हो म्हणणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. संगणकाने विचारलेच तशा शब्दांत. फॉरमॅट केल्याने जमीन नांगरली गेली नव्हती, फक्त दप्तर बदलले होते. डिस्क फिरत्या तबकडीची होती आणि तिच्यावर नवीन काही लिहिले गेले नव्हते, त्यामुळे हरवलेल्या फाइली शोधणारे सॉफ्टवेअर लावून बरीचशी गाणी परत मिळाली. पण ती मिळाली ती क्रमांक लावलेल्या निनावी तुकड्यांच्या रूपाने. गाणारीचे नाव, पाड्याचे नाव, तारीख, प्रसंग हे सारे फाइलींच्या आणि फोल्डरांच्या नावांत होते आणि ती नावे जुन्या दप्तराबरोबर गेली. आज ते आवाज माझ्या संग्रहात आहेत. ते कोणाचे, हे गावात जाऊन, एकेक गाणे ऐकवून, विचारून ठरवावे लागते आहे. आणि ओळखू शकणाऱ्या बाया दरवर्षी कमी होत आहेत.

दोन दप्तरे कशी झाली

या दोन पद्धतींतली जुनी पद्धत ‘फॅट’ या नावाने ओळखली जाते. १९७७ साली मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी ती फ्लॉपी डिस्कसाठी तयार केली. पद्धत साधी: एक तक्ता करायचा आणि प्रत्येक गटासमोर ‘याच्या पुढचा भाग अमुक गटात’ एवढेच लिहायचे. साखळी धरून पुढे पुढे गेले की फाइल पुरी होते. १९८० मध्ये टिम पॅटरसन यांनी आपल्या ८६-डॉसमध्ये हीच कल्पना घेतली, मायक्रोसॉफ्टने ते डॉस विकत घेतले आणि ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीबरोबर ती जगभर गेली. फाइलचे नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढे तीन अक्षरांचा प्रकार, एवढीच मुभा होती. आणि ती अक्षरे रोमन. मराठी नावाला त्या दप्तरात जागाच नव्हती.

२४ जानेवारी १९८४ रोजी ॲपलने मॅकिंटॉश आणला, तो वेगळ्या विचाराने. त्याच्या दप्तरात प्रत्येक फाइलचे दोन भाग असत. एका भागात मजकूर, दुसऱ्यात त्या मजकुराला लागणारे सामान: चित्रे, चिन्हे, खिडक्यांची मांडणी. शिवाय ही फाइल कोणत्या प्रकारची आणि कोणत्या प्रोग्रामने तयार केली, याच्या खुणा दप्तरातच लिहिलेल्या असत; त्यासाठी नावापुढे तीन अक्षरे जोडायची गरज नसे. फॅटच्या तक्त्यात या दुसऱ्या भागाला खाना नव्हता. त्यात भर म्हणजे मॅकची सुरुवातीची फ्लॉपी फिरवण्याची पद्धतही निराळी होती. बाहेरच्या आणि आतल्या वर्तुळांवर तिचा वेग बदलत असे, त्यामुळे पीसीच्या यंत्राला ती फ्लॉपी वाचणेच शक्य नव्हते. भिंत दुहेरी होती, यंत्राची आणि दप्तराची.

१९८५ मध्ये ॲपलने एचएफएस ही नवी पद्धत आणली. १९८८ पासून मॅकमध्ये पीसीची फ्लॉपी वाचू शकणारी यंत्रे बसू लागली. १९९८ च्या आयमॅकने फ्लॉपी काढूनच टाकली आणि यूएसबीची जोडणी दिली. पुढे पेन ड्राइव्ह आणि एक्स्टर्नल डिस्क याच जोडणीवर आल्या. यंत्राची भिंत अशी पडली. दप्तराची मात्र उलट उंच होत गेली. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस आणले. ॲपलने १९९८ मध्ये एचएफएस प्लस आणि २०१७ मध्ये एपीएफएस आणले.

या नव्या पद्धती केवळ हट्टाने झाल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांतली एक सुधारणा आपल्याकडच्या माणसाला चटकन समजेल. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी थेट सातबारावर खाडाखोड करत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. ती प्रमाणित झाल्यावर सातबारा बदलतो. मधेच काही अडले तर काय व्हायचे होते आणि काय झाले, हे फेरफारावरून कळते. एनटीएफएसमध्ये हाच शहाणपणा आहे. दप्तरात बदल करण्याआधी तो एका वेगळ्या वहीत टिपला जातो; संगणकाच्या भाषेत त्या वहीला जर्नल म्हणतात. कॉपी चालू असताना वीज गेली तर वीज आल्यावर ती वही पाहून दप्तर सावरता येते. भारनियमन सोसलेल्या गावांत, यूपीएस नसलेल्या संगणकावर काम करणाऱ्याला या सोयीची किंमत सांगायला नको. पुढे एचएफएस प्लसमध्येही असे जर्नल आले. जुन्या फॅटमध्ये फेरफार नाही. तिथे थेट सातबारावरच लेखणी चालते.

विंडोज आपल्या तालुक्यांत इतका का रुजला, यालाही इतिहास आहे. हार्डवेअर स्वस्त होते, सुटे भाग कल्याणला मिळत, दुरुस्ती करणारा जवळ होता. शिवाय २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. नोकरीसाठी, बढतीसाठी तो लागू लागला आणि शिकवला जाणारा संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण पक्के झाले. तिकडे मुंबईच्या छपाई, जाहिरात आणि चित्रपट व्यवसायांत मॅकने घर केले होते. आसनगावहून लोकलने मुंबईला जाऊन संकलन शिकलेला मुलगा मॅकवर शिकतो आणि घरी येऊन विंडोजवर काम करतो. दोन दप्तरांची हद्द त्याच्या रोजच्या प्रवासातून जाते.

इगतपुरीचे तीन उपाय

या हद्दीवर जे उपाय निघाले, ते समजून घ्यायला शहापूरकरांना दूर जायला नको. कसारा घाटाच्या माथ्यावर इगतपुरी आहे. मुंबईकडची मध्य रेल्वेची वीज १५०० व्होल्ट डीसी होती. इगतपुरीपुढे उत्तरेकडे २५,००० व्होल्ट एसी. रूळ तेच, डबे तेच, पण वरच्या तारेतला प्रवाह वेगळा. म्हणून वर्षानुवर्षे गाड्या इगतपुरीला थांबत, एक इंजिन सुटे, दुसरे जोडले जाई. हा पहिला उपाय: थांबा आणि बदली करा. दुसरा उपाय १९९० च्या दशकात आला. दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने तयार झाली, ती न बदलता पुढे जात. तिसरा उपाय सर्वांत खर्चिक आणि सर्वांत टिकाऊ: मुंबईकडची तारच एसी करून टाकली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे हे काम टप्प्याटप्प्याने होऊन २०१५ मध्ये पुरे झाले.

डिस्कच्या बाबतीतही हेच तीन उपाय दिसतात. पहिला, बदली. डिस्क एकमेकांना द्यायचीच नाही. सामग्री नेटवरून पाठवायची किंवा मधल्या एखाद्या संगणकावरून उतरवून घ्यायची. फोटो चार-दोन असतील तर हे चालते. तासन्‌तासांचे चित्रण दुर्गम पाड्यातल्या मोबाइल नेटवर्कवरून पाठवणे म्हणजे घाटातून बैलगाडीने धान्य नेणे.

दुसरा, दुभाषी इंजिन. मॅकला २००३ पासून एनटीएफएस डिस्क वाचता येते, पण तिच्यावर लिहिता येत नाही. म्हणजे दप्तर बघायचे, पण नोंद करायची नाही. लिहायचे तर पॅरागॉन किंवा टक्सेरा यांच्यासारख्या कंपन्यांचे वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागते. विंडोजला मॅकची दप्तरे आपणहून वाचताच येत नाहीत. तिथे मॅकड्राइव्हसारखे सॉफ्टवेअर लागते. हे उपाय चांगले चालतात, पण ते ज्या संगणकावर बसवले तिथेच चालतात. डिस्क पुढच्या गावात गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तिसरा उपाय म्हणजे दोघांनाही समजणारे एकच दप्तर. बरीच वर्षे ही जागा जुन्या फॅटनेच सांभाळली. १९९६ मध्ये आलेला फॅट ३२ हा प्रकार मॅक, विंडोज, कॅमेरे, टीव्ही अशा सगळ्यांना कळे. त्याची अडचण एकच, पण मोठी: एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. कारण फाइलचा आकार लिहायचा खानाच तेवढा. सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात जेवढे आकडे मावतात, त्याहून मोठे शेत लिहिता येऊ नये, तसे. मिनीडीव्ही कॅमेऱ्याच्या कॅसेटचे एक तासाचे चित्रण संगणकात उतरवले की सुमारे १३ जीबी होई. म्हणजे म्हशाच्या जत्रेचा सलग एक तास या दप्तरात मावत नसे. त्याचे वीस वीस मिनिटांपेक्षाही लहान तुकडे करावे लागत. त्या काळच्या डिस्कांत चित्रणाचे जे अर्धवट, क्रमांक लावलेले तुकडे सापडतात, त्यामागे कित्येकदा हे कारण असते. साधनांची चिकित्सा करणाऱ्याने ते लक्षात ठेवायला हवे. नाहीतर मूळ सलग असलेल्या चित्रणाला तो तुटक समजेल.

२००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅट आणले. त्यात ४ जीबीची अट गेली. २००९ मध्ये मोठ्या मेमरी कार्डांसाठी तेच प्रमाण ठरले. नोव्हेंबर २०१० मध्ये मॅकच्या स्नो लेपर्डमध्ये त्याला वाचन-लेखनाची सोय मिळाली. विंडोज व्हिस्टामध्ये ते २००८ पासून होते. जुन्या एक्सपीला मात्र वेगळे अपडेट बसवावे लागे, आणि शाळांतून एक्सपी फार काळ चालला. आज मॅक आणि विंडोज यांच्यात डिस्कची देवाणघेवाण करायची तर एक्सफॅट हेच व्यवहार्य उत्तर आहे.

तरी हे उत्तर निर्दोष नाही. एक्सफॅटमध्ये फेरफार नोंदवही नाही. कॉपी चालू असताना वीज गेली, किंवा ‘इजेक्ट’ न करता केबल ओढली, तर दप्तर अर्धवट राहण्याचा धोका तिथे अधिक असतो. दोन गावांत फिरणाऱ्या डिस्कला एक्सफॅट योग्य. पण सामग्रीची एकमेव प्रत त्या फिरत्या डिस्कवर ठेवणे योग्य नाही.

दप्तर कोणाच्या मालकीचे

इथे एक प्रश्न उरतो. सामायिक दप्तर १९७७ पासून होतेच, तर नवे सामायिक दप्तर व्हायला इतका वेळ का लागला? कारण दप्तराच्या पद्धतीलाही मालक असतो. फॅटमध्ये लांब नावे लिहिण्याच्या युक्तीवर मायक्रोसॉफ्टचे पेटंट होते आणि फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांनी टॉमटॉम या नकाशायंत्रे करणाऱ्या कंपनीवर त्यासह काही पेटंटांवरून दावा लावला होता. पुढच्याच महिन्यात तो मिटला. एक्सफॅट वापरायचे तर परवाना घ्यावा लागे. त्याचा तपशीलवार आराखडा मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये खुला केला आणि त्यानंतर काही महिन्यांतच लिनक्समध्ये त्याला जागा मिळाली. वाट बंद होती ती तंत्र अवघड होते म्हणून नाही.

मुरबाड तालुक्यातलेच एक उलटे उदाहरण देते. डिसेंबर २०१६ मध्ये धसई हे महाराष्ट्रातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. किराणा दुकानापासून वडापावच्या गाडीपर्यंत कार्ड घासायची यंत्रे आली. तो प्रयोग पुढे किती टिकला, हा वेगळा विषय. पण एक गोष्ट तिथे कोणाला विचारावीही लागली नाही: एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात चालेल का? ते चालणारच होते. कार्डाची लांबी-रुंदी, त्यावरची पट्टी, चिप, हे सारे आंतरराष्ट्रीय प्रमाणाने बांधलेले असते, कारण ते जुळले नाही तर बँकांचेच नुकसान. डिस्क जुळली नाही तर नुकसान होते ते डिस्क आणणाऱ्याचे, कंपनीचे नाही. त्यामुळे पैशाला जे प्रमाण लवकर मिळाले, ते गाण्याला उशिरा मिळाले.

नावात काय आहे

दप्तर एक झाले तरी नोंदीची भाषा एक होतेच असे नाही. मॅकवर फाइलला ‘७/१२ उतारा’ असे नाव सुखाने देता येते. विंडोजमध्ये तिरकी रेघ नावात चालत नाही; ती फोल्डरांच्या मधली खूण मानली जाते. तीच गत प्रश्नचिन्हाची, तारखेतल्या रेघांची आणि विसर्गासारख्या दिसणाऱ्या अपूर्णविरामाची. मुंबईच्या संकलकाने मॅकवर दिलेली अशी नावे विंडोजकडे पोचताना अडतात किंवा विद्रूप होतात. महसुली कागदांचा संग्रह करणाऱ्याने ‘सातबारा’ असे अक्षरीच लिहावे, हे बरे.

याहून बारीक गोम ‘ऱ’ या अक्षरात आहे. ‘नाणेघाटाच्या पायऱ्या’ हे नाव घ्या. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची एचएफएस प्लस पद्धत नाव साठवताना अशी अक्षरे फोडून ठेवते. विंडोज जसे टंकले तसे ठेवते. परिणाम असा की मॅकवरून आलेली ‘पायऱ्या’ आणि विंडोजवर टंकलेली ‘पायऱ्या’ या एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी, दोन वेगळ्या फाइली म्हणून नांदू शकतात. शोध घेतला तर एक सापडते, दुसरी नाही. दऱ्या, पायऱ्या, विहिरींच्या कोऱ्या यांनी भरलेल्या आपल्या मुलुखाच्या नावांना हा फटका अधिक बसतो.

मॅकवरून आलेल्या एक्सफॅट डिस्कवर विंडोजमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. टिंब आणि खालची रेघ यांनी सुरू होणारी, प्रत्येक फाइलच्या नावाची एक छोटी जुळी फाइल. लोकांना वाटते व्हायरस आला. खरे तर ती १९८४ च्या त्या दुसऱ्या भागाची आठवण आहे. परक्या दप्तरात खाना नाही, म्हणून मॅक आपले जादा सामान वेगळ्या गाठोड्यात बांधून शेजारी ठेवतो. बहुधा त्यात मोलाचे काही नसते. पण मूळ प्रतीतून ते काढण्याची घाई संग्राहकाने करू नये.

आणि डिस्क उघडली, नाव जुळले, तरी आतला मजकूर? युनिकोड रुळण्यापूर्वीचा मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा त्या त्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टांत बांधलेला आहे. तो फॉन्ट संगणकात नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. गावच्या शतकमहोत्सवी स्मरणिका, पतपेढ्यांचे अहवाल, स्थानिक साप्ताहिकांची पाने अशा कितीतरी फाइली या अवस्थेत आहेत. फॉन्ट ओळखला तर त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. म्हणून कोणता फॉन्ट होता ही माहिती मजकुराइतकीच जपावी लागते.

वाचणारा टिकवणे

हे सारे नवे वाटते, पण या मुलुखाला ते नवे नाही. मुरबाडकडून वैशाखऱ्याची वाट धरून नाणेघाट चढला की माथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेले लेणे लागते. दगड शाबूत होता, अक्षरे बरीचशी शाबूत होती, व्यापारी आणि गुराखी त्या लेण्यात विसावा घेत होते. पण ब्राह्मी लिपी वाचणारे शतकानुशतके कोणी उरले नव्हते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला आणि त्यानंतर भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या अभ्यासकांना त्या लेखातले यज्ञ, दाने आणि भारतातले अतिप्राचीन अंक वाचता आले. माध्यम टिकले होते, वाचक हरवला होता.

मोडीचे तर आपल्या डोळ्यांदेखत झाले. भाषा मराठीच, कागद घरातच, पण विसाव्या शतकात मोडी कारभारातून आणि शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत आजोबांच्या सहीचा कागद नातवाला परका झाला. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली हे सर्वांनी पाहिले. ज्या कागदावर माणसाचा हक्क लिहिलेला असतो, तो वाचता न येणे म्हणजे काय, हे त्या वेळी कळले. मोडी वाईट लिपी नव्हती. बोरूने झरझर लिहिण्यासाठी ती उत्तम होती. एनटीएफएस आणि एपीएफएसही आपापल्या कामाला उत्तम आहेत. प्रश्न दुसऱ्याच्या हाती दिल्यावर सुरू होतो.

नाणेघाटाच्या लेखाला वाचक मिळेपर्यंत दोन हजार वर्षांच्या आसपास थांबता आले, मोडीच्या कागदाला शंभर वर्षे थांबता येते. हार्ड डिस्कला तेवढी सवड नाही. तिची तबकडी, तिची जोडणी, तिचे दप्तर या तिन्ही गोष्टी एका पिढीच्या आतच जुन्या होतात. म्हणून दोन्ही तालुक्यांतल्या ग्रंथालयांना, शाळांना आणि मंडळांना माझी सूचना साधी आहे. देवाणघेवाणीची डिस्क एक्सफॅटची असावी. जपणुकीच्या प्रती दोन असाव्यात, त्या दोन वेगळ्या घरांत असाव्यात आणि त्या फिरवू नयेत. आलेली डिस्क वाचता आली नाही आणि पडद्यावर फॉरमॅटचा प्रश्न आला, तर ‘नाही’ म्हणावे, केबल रीतसर काढावी आणि दुसऱ्या प्रकारचा संगणक असलेल्या माणसाला गाठावे. फाइलीच्या नावात जे लिहिले आहे, ते गाणारीच्या नावासह, पाड्याच्या नावासह, एका वहीत शाईने उतरवून ठेवावे.

आणि प्रत्येक डिस्कवर एक कागदी चिठ्ठी चिकटवावी: ही डिस्क मॅकची की विंडोजची, फॉरमॅट कोणते, मजकुराचा फॉन्ट कोणता, आत काय आहे, कोणी कधी भरली. गॅझेटियर लिहिणाऱ्यांनी गावोगावची माहिती अशाच चौकटी आखून मागवली होती. आज माझ्या संग्रहातल्या ज्या डिस्कांवर अशी चिठ्ठी आहे, त्यांची यादी एका बैठकीत होते. ज्यांच्यावर नाही, त्या घेऊन मी अजून पाड्यांवर फिरते आहे.